जेटचा रंग उतरवताना आणि चढवताना : गाड्या रंगवणाऱ्या हातांसाठी

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर एखादं छोटं जेट उतरलं, की बघणाऱ्यांत एखादा तरी गॅरेजवाला पेंटर असतोच. त्याची नजर विमानावर कमी आणि चकाकीवर जास्त असते. ‘एवढी फिनिशिंग तर आपणपण काढतो,’ असं तो म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. ज्याचा स्प्रे गनवर हात बसलाय, त्याला जेटवरही रंग मारता येईल. पण जेटच्या पेंट शॉपमध्ये गन हातात येते ती अगदी शेवटी आणि थोड्याच वेळासाठी. मध्यम आकाराचं बिझनेस जेट रंगवून बाहेर पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यातला बहुतेक वेळ झाकण्यात, जुना रंग उतरवण्यात, धुण्यात, घासण्यात आणि तपासण्यात जातो. या कामात नवीन माणूस टिकतो की परत येतो, ते तिथंच ठरतं.

सोलापुरात हे काम होत नाही. विमान देखभालीची मोठी केंद्रं हैदराबाद, होसूर, नागपूरच्या मिहानमध्ये आहेत. आपल्याला हैदराबाद सगळ्यात जवळचं, रात्री गाडी धरली की सकाळी तिथं. तिकडे जायचा विचार करणाऱ्या, गाड्या रंगवलेल्या किंवा आयटीआयचा पेंटर ट्रेड केलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे.

आधी गॅरेजच्या तीन सवयी सोडा

पहिली सवय लांबीची, म्हणजे पुट्टीची. गाडीला पोचा आला की आपण लांबी भरतो, घासतो आणि वरून रंग मारतो. मालक खूश. विमानाच्या पत्र्यावरचा पोचा म्हणजे नोंद करायची गोष्ट. तो किती खोल आहे, रिव्हेटपासून किती लांब आहे, हे इंजिनिअर मोजतो आणि उत्पादकाच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून बघतो. तुम्ही लांबी भरून तो गुळगुळीत केलात, तर खाली एखादी चीर असली तरी पुढची कित्येक वर्षं कुणाला दिसणार नाही. फिलर काही ठिकाणी चालतो, पण तो मंजूर केलेलाच लागतो आणि सांगितलेल्या जागीच भरायचा.

दुसरी सवय ब्लेडची. टेप चिकटवायचा आणि कडेला ब्लेड फिरवून तो पत्र्यावरच कापायचा. गाडीत चालून जातं. जेटची केबिन प्रत्येक उड्डाणात हवेच्या दाबानं फुगते आणि उतरल्यावर पुन्हा मूळ जागी येते. अशा पत्र्यावर ब्लेडनं ओढलेली केसासारखी रेघ म्हणजे चिरेला करून दिलेली वाट. ती रेघ रंगाखाली झाकली जाते आणि वर्षानुवर्षं वाढत राहते. म्हणून टेप हातानं फाडायचा, नाहीतर आधी बाहेर कापून आणायचा. हँगरमध्ये कुणी खिशातून कटर काढला की फोरमन दुसऱ्या टोकाहून ओरडतो. त्याचा राग मानू नका.

तिसरी सवय तोंडाला रुमाल बांधायची. याबद्दल रंगाच्या भागात सविस्तर लिहितो, कारण ती सगळ्यात महाग पडते.

विमान आत आल्यावर

पहिल्या दिवशी रंगाचा डबासुद्धा उघडत नाहीत. आधी विमान धुतात, पुसतात आणि त्याच्याभोवती फिरून प्रत्येक ओरखडा, पोचा आणि खवला लिहून फोटो काढतात. हे मालकाशी नंतर वाद होऊ नये म्हणून तर असतंच, शिवाय जुना रंग कुठं फुगलाय ते याच वेळी कळतं. रंगाखाली किड्यानं माग काढल्यासारख्या बारीक वळवळत्या रेषा दिसल्या, तर आत गंज धरलाय. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल गंजत नाही. पांढरी भुकटी धरतं.

मग हलणारे भाग उतरवतात : पंखांवरचे एलेरॉन, शेपटीचे एलेव्हेटर आणि रडर. ते वेगळे रंगवायचे असतात. त्याचं कारण शेवटी येईल. विमानाला अर्थिंगची तार जोडतात, कारण पुढं सॉल्व्हंटची वाफ आणि स्थिर वीज एकत्र नांदणार असते.

आणि इथंच ठरतं, जुना रंग पूर्ण उतरवायचा की घासून त्यावरच नवा मारायचा. जुना थर घट्ट असेल तर घासून वर मारणं स्वस्त पडतं. पण प्रत्येक थराचं वजन असतं आणि थर जाड झाला की तडकतो. दोनदा वरून मारलेलं विमान तिसऱ्यांदा आलं, तर मी तरी पूर्ण उतरवायलाच सांगेन. मालकाला खर्च बोचतो, पण खालचा पत्रा बघायची संधी पुन्हा पाच-सात वर्षं मिळत नाही.

झाकणं

नवीन माणसाला पहिलं काम हेच देतात आणि त्याला ते हलकं वाटतं. माझ्या मते पेंट शॉपमधलं सगळ्यात जबाबदारीचं काम हेच आहे.

विमानाच्या नाकाजवळ पुढं निघालेल्या नळ्या असतात, त्या पिटो. पोटाला किंवा बाजूला पत्र्यातच बारीक भोकं असतात, ते स्टॅटिक पोर्ट. वैमानिकाला वेग आणि उंची कळते ती या दोन ठिकाणच्या हवेच्या दाबावरून. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचं बोईंग ७५७ लिमाहून सँटियागोला निघालं. धुण्या-पॉलिशच्या वेळी स्टॅटिक पोर्टवर लावलेला टेप काढायचा राहून गेला होता. रात्रीची वेळ, खाली समुद्र, आणि उंची-वेगाचे आकडे भलतेच. विमान पॅसिफिकमध्ये कोसळलं आणि त्यातले ७० च्या ७० जण गेले. इंजिनं ठीक होती, पंख ठीक होते. चुकला होता तो फक्त टेप.

म्हणून झाकायचे नियम कडक असतात. अशा भोकांवर पत्र्याच्या रंगाचा टेप कधीही लावत नाहीत. भडक रंगाचं कव्हर लावायचं आणि त्याला लोंबणारी लाल पट्टी. काय काय झाकलं ते तक्त्यावर मांडायचं, काढताना तोच तक्ता घेऊन एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं तपासून सही करायची. तुमच्यावर कितीही विश्वास असला तरी दुसरी सही लागतेच.

खिडक्या काचेच्या नसतात. बहुतेक जेटच्या केबिनच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात. स्ट्रिपरचा (रंग उतरवायच्या रसायनाचा) किंवा थिनरचा थेंब लागला की त्यात बारीक रेषांचं जाळं पडतं. ती खिडकी मग बदलावीच लागते. तिच्यावर आधी पॉलिथिन, वरून ॲल्युमिनियमचा फॉइल टेप, आणि कडा बोटानं दाबून, हवेचा बुडबुडा न ठेवता बसवायच्या. मास्किंगचा साधा कागदी टेप स्ट्रिपरपुढं टिकत नाही.

यादी इथं संपत नाही. अँटेना, पाणी निचरायची भोकं, चाकं, ब्रेक, लँडिंग गिअर, दारांची रबरी सीलं, इंजिनाची तोंडं हे सगळं झाकायचं. पत्र्यावर पत्रा चढलेल्या जोडांच्या कडासुद्धा फॉइल टेपनं बंद करतात, म्हणजे स्ट्रिपर आत शिरून तिथला सीलंट खात नाही आणि जोडात साठून राहत नाही. लँडिंग गिअरबद्दल तर फारच जपायचं. आम्ल असलेला स्ट्रिपर जास्त ताकदीच्या पोलादाला लागला तर त्यात हायड्रोजन शिरतो आणि ते पोलाद ठिसूळ होतं. बाहेरून काहीच दिसत नाही.

रंग उतरवणं

स्ट्रिपर म्हणजे आपल्याकडं मिळणाऱ्या रिमूव्हरचाच भाऊबंद. जुने स्ट्रिपर मिथिलीन क्लोराइडचे. काम झटपट करायचे, पण त्याची वाफ शरीरात जाऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि बंद जागेत माणसं मेलेली आहेत. अमेरिकेनं २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. आता बेंझिल अल्कोहोलवर चालणारे स्ट्रिपर वाढलेत. ते हळू काम करतात, तास-तास थांबावं लागतं, पण माणसाला कमी त्रास देतात. बाजारातल्या कितीतरी रिमूव्हरमध्ये अजून मिथिलीन क्लोराइडच असतं, तेव्हा गॅरेजमध्येसुद्धा डब्यावरची बारीक अक्षरं वाचा आणि शटर उघडं ठेवा.

लावायची रीत अशी. जाड थर, ब्रश एकाच दिशेनं ओढायचा, मागं-पुढं घासायचा नाही. स्ट्रिपरवर मेणासारखी पातळ साय येते आणि ती आतलं रसायन उडू देत नाही. ब्रश परत फिरवला की ती साय मोडते. सोलापूरसारख्या कोरड्या हवेत हे फार जाणवतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की लावलेला थर कडेनं सुकायला लागतो आणि सुकलेला स्ट्रिपर उतरवणं हे रंग उतरवण्याहून अवघड. अशा वेळी वरून पातळ पॉलिथिन अंथरतात.

मग थांबायचं. घाई केली की अर्धवट सुटलेला रंग खरवडावा लागतो आणि पत्र्यावर जोर येतो. नीट थांबलात तर रंग आधी चुरगळतो, त्याला पापडासारखे फुगे येतात आणि प्लास्टिकच्या खरवडणीनं हलकेच ढकलला की लांबलचक पट्टीनं निघून येतो. लोखंडी पट्टी किंवा लोखंडी वूल वापरायचं नाही. लोखंडाचा कण ॲल्युमिनियममध्ये रुतला की तिथून गंज सुरू होतो. रिव्हेटच्या डोक्यांभोवती रंग राहतोच. तिथं नायलॉनचा ब्रश आणि चिकाटी.

सगळ्यात महत्त्वाचं : जे ॲल्युमिनियम नाही, त्याला स्ट्रिपर लावायचा नाही. नाकावरचा रेडोम (रडारवरचं टोपण), पंखांच्या टोकांची उभी विंगलेट, पोटाखालची आवरणं, बऱ्याच जेटमध्ये फ्लॅपसुद्धा फायबरचे किंवा कार्बनचे असतात. स्ट्रिपर रंग आणि त्याखालचा, धागे धरून ठेवणारा रेझीन यात फरक करत नाही. असे भाग हातानं, बारीक कागदानं, प्रायमरचा थर दिसेपर्यंतच घासायचे. धागा दिसला की तुम्ही पुढं गेलात.

ॲल्युमिनियमवरही घासताना जपायचं. विमानाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. तोच गंजापासून वाचवतो. गाडीच्या बंपरवर मारतो तसा पॉलिशर चालवलात तर तो थर उडून जातो.

धुतलेलं पाणी गटारात सोडायचं नाही. जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं आणि ते कॅन्सर करणारं आहे. अक्कलकोट रोडच्या प्रोसेस हाऊसमध्ये काम केलेल्याला ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, समजावून सांगायला नको; इथंही तोच कायदा आणि तीच गाळाची पिंपं.

उघडा पत्रा

रंग उतरला की विमान नागडं, ठिगळाठिगळाचं दिसतं. आता इंजिनिअर येतो. गंज, चिरा, सैल रिव्हेट सगळं शोधून दुरुस्त करून घेतो. तोवर पेंटरनं थांबायचं. मग पत्रा नायलॉनच्या पॅडनं घासून, धुऊन त्यावर अलोडाइनसारखी रासायनिक प्रक्रिया करतात. पत्रा हलका सोनेरी होतो आणि त्याला प्रायमर धरतो. क्रोमेट नको असेल तिथं सोल-जेल नावाचा लेप वापरतात.

पत्रा खरंच स्वच्छ झालाय का, याची चाचणी साधी आहे. स्वच्छ पाण्याचा पातळ पडदा सोडायचा. अर्धा मिनिट तो सलग राहिला तर ठीक. कुठं फाटला, थेंब गोळा झाले, तर तिथं तेलकट आहे, परत धुवा. मग उघड्या हातानं शिवायचं नाही. डोक्याला खोबरेल लावून आलेल्या माणसाचं एक बोटसुद्धा रंगात डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पाडायला पुरतं. डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन त्याहून वाईट.

आणि एक खास आपल्यासाठी. सोलापुरी टॉवेल घेऊन जाऊ नका. जगात कुठंही अभिमानानं वापरा, पण पुसायला नाही. टेरीचे धागे सुटतात, रंगात बसतात आणि क्लिअर कोटखाली भिंगातून पाहिल्यासारखे दिसतात. हँगरमध्ये धागा न सोडणारं कापडच लागतं.

प्रायमर आणि रंग

प्रायमर इपॉक्सीचा, सुकल्यावर साधारण १५ ते २५ मायक्रॉन. गॅरेजमध्ये ‘अजून एक हात मार’ म्हणतो, इथं तो हात चूक ठरतो. जाड प्रायमर विमानाबरोबर वाकत नाही. जेट जमिनीवर पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतं आणि तासाभरात चाळीस हजार फुटांवर उणे पन्नासच्या आसपास जातं. पत्रा आकसतो, पसरतो, रंगाला त्याच्याबरोबर जावं लागतं. गाडीचा रंग इथं टिकत नाही तो यामुळंच.

वरचा रंग पॉलियुरेथेन. शेरविन-विल्यम्सचा जेट ग्लो, अ‍ॅक्झोनोबेल, पीपीजी ही नावं डब्यांवर दिसतील. प्रत्येकाचं तांत्रिक पत्रक वेगळं. हार्डनर किती, कालवल्यावर किती वेळ ठेवायचं, दोन हातांमध्ये किती थांबायचं, प्रायमरवर किती तासांच्या आत रंग चढवायचा, हे सगळं त्यात असतं. ‘अंदाजानं थिनर’ हा शब्दप्रयोग विसरा. फोर्ड कपात रंग भरून खालच्या भोकातून तो किती सेकंदांत रिकामा होतो ते मोजायचं आणि बॅच नंबर, मुदत, तापमान, दमटपणा सगळं लिहायचं. हँगर साधारण २० ते २७ अंश ठेवतात. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम हवा, नाहीतर न दिसणारी ओल रंगाखाली अडकते.

आता रुमाल. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्यातून फुफ्फुसात गेलं की काही जणांना कायमचा दमा जडतो. एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की नंतर अगदी थोडा वास पुरतो, आणि त्या माणसाची पेंटरची नोकरी संपते. रुमालानं, कागदी मास्कनं हे अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा आणणारा, नळी जोडलेला मुखवटा लागतो. अंगभर सूट, हातमोजे. नोकरीला जाल तिथं पहिला प्रश्न पगाराचा विचारा आणि दुसरा या मुखवट्याचा. तो देत नसतील तर पहिल्याचं उत्तर कितीही चांगलं असलं तरी परत या.

मारताना दोन-तीन पेंटर एकत्र चालतात, पाठीवर एक, पोटाला एक, म्हणजे ओली कड ओल्या कडेला भेटते. स्थिर विजेच्या गननं रंग वळून मागच्या बाजूलाही चिकटतो आणि वाया कमी जातो. पहिला हात पातळ, धरण्यापुरता. दुसरा भरून, ओला. ओघळ आला तर बोट लावू नका, सुकू द्या, मग घासा.

काही जागा रंगवायच्याच नसतात. पंखांच्या पुढच्या कडा बऱ्याच जेटवर उघड्या, चकचकीत ठेवतात, कारण बर्फ वितळवायला त्या आतून गरम करतात. स्टॅटिक पोर्टच्या आजूबाजूचा ठरावीक चौकोन अगदी सपाट ठेवावा लागतो. रेडोमवर मेटॅलिक रंग चालत नाही, त्याच्या मागं रडार असतं. पंखांच्या मागच्या कडेला काड्यांसारखी जी टोकं दिसतात, ती वीज सोडून देतात. ती रंगात बुडवली की निकामी.

पट्टे, अक्षरं, कागद

बिझनेस जेटचे वळणदार पट्टे म्हणजे मालकाची हौस. त्यात वेळ जातो, पण अवघड काही नाही : एका बाजूला बारीक टेपनं वळण बसवायचं, त्यावरून कागदी नमुना काढायचा, तो उलटा करून दुसऱ्या बाजूला. व्हीटी या अक्षरांपासून सुरू होणारी भारतीय नोंदणी मात्र हौसेची नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ही अक्षरं बाजूला किमान ३० सेंटिमीटर आणि पंखाखाली किमान ५० सेंटिमीटर उंचीची लागतात. ‘पाय ठेवू नये’, ‘इथं कापा’ अशा सूचनाही पुस्तकात दिलेल्या जागीच परत लावायच्या.

सुरुवातीला वेगळे काढलेले एलेरॉन-एलेव्हेटर आता तोलून बघतात. बिजागरीच्या मागच्या बाजूला रंगाचं थोडं वजन जास्त झालं, तरी वेगात तो भाग फडफडू लागतो आणि ही फडफड काही क्षणांत शेपूट तोडू शकते. म्हणून तोल बिघडला तर वजनं जुळवतात किंवा रंग उतरवून पुन्हा मारतात. मग पूर्ण विमानाचं वजन करतात, नवा आकडा नोंदतात. हे सगळं डीजीसीएची (देशातल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाची) मान्यता असलेल्या संस्थेत, परवानाधारक इंजिनिअरच्या सहीनंच पूर्ण होतं. पेंटरची सही त्याच्या खाली असते, पण असते.

सोलापुरात बसून सराव

जायच्या आधी घरीच करता येईल असं बरंच आहे. ॲल्युमिनियमचा साधा पत्रा आणा, एक फूट बाय एक फूट. घासा, धुवा, पाण्याची चाचणी घ्या आणि ती पास होईपर्यंत पुढं जाऊ नका. इपॉक्सी प्रायमर मारा आणि जाडी मोजा. लोखंडी पत्र्यावरचा चुंबकी मीटर ॲल्युमिनियमवर चालत नाही. एडी करंटचा लागतो, कुणाकडून उसना मिळाला तर बघा. पांढरा रंग मारा, त्यावर टेपनं वक्र पट्टा काढा, टेप योग्य वेळी ओढा. कोपऱ्यात ब्लेडनं चौकटी पाडून चिकटपट्टी लावून झटक्यानं ओढा. रंग निघाला तर का निघाला ते शोधा. ही चौकट फक्त सरावाच्या पत्र्यावर, कारण वर सांगितलंच आहे.

हे मे महिन्याच्या दुपारी करू नका. पहाटे करा, फरशीवर पाण्याचा सडा मारून, धूळ बसल्यावर. प्रत्येक पत्र्याच्या मागं तारीख, तापमान, रंगाचा बॅच नंबर आणि मोजलेली जाडी मार्करनं लिहा. ट्रायलला जाताना चांगले दोन आणि बिघडलेला एक, असे तीन पत्रे बरोबर न्या. बिघडलेल्याच्या मागं कारणही लिहिलेलं असू द्या. अनुभवी फोरमन बहुधा तोच आधी उलटा करून बघतो.